कोल्हापुरात शिकायला येताय? हॉस्टेल की बाहेरची खोली, हे असं ठरवा

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा भाचा बारावी होऊन इंजिनिअरिंगला येणार असतो, कुणाच्या पुतणीचा विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागलेला असतो. विचारायचं एकच असतं: "ताई, हॉस्टेल बघायचं का बाहेर खोली घ्यायची?" मी आजऱ्याहून इथं शिकायला आले. पहिली दोन वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात राहिले, पुढची तीन राजारामपुरीत मैत्रिणींबरोबर खोली करून. आता संसारही इथंच आहे, आणि ओळखीतल्या मुलामुलींसाठी दर पावसाळ्याच्या तोंडाला खोल्या बघत फिरते. माझं मत आधीच सांगून टाकते. वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथंच काढा. पुढं बाहेर पडायचं झालं तर आधी सोबत कोणाची आणि जेवण कुठलं ते ठरवा, खोली त्यानंतर.

पायरी १ : कॉलेज नेमकं कुठं आहे ते बघा

कोल्हापूर आटोपशीर शहर आहे, पण कॉलेजं चारी दिशांना पसरलीत. शिवाजी विद्यापीठ, राजाराम कॉलेज आणि शासकीय तंत्रनिकेतन विद्यानगरच्या बाजूला. त्यांच्यासाठी राजारामपुरी, सम्राटनगर, प्रतिभानगर, राजेंद्रनगर आणि सायबर चौकाचा परिसर सोयीचा. विवेकानंद कॉलेज ताराबाई पार्कात, कमला कॉलेज राजारामपुरीत. केआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज पार गोकुळ शिरगावला, हायवेच्या अंगाला. डी. वाय. पाटलांचं इंजिनिअरिंग कॉलेज कसबा बावड्यात. मेडिकलच्या मुलांचा दिवस सीपीआर, म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय, आणि शेंडा पार्क या दोन टोकांत जातो.

गावाबाहेरच्या कॉलेजला प्रवेश असेल तर वसतिगृहाचं पारडं आपोआप जड होतं. शहरातून रोज गोकुळ शिरगावला जायचं म्हणजे केएमटीची सिटी बस किंवा स्वतःची गाडी, आणि पावसाळ्यात हायवेवर दुचाकी चालवणं मला तरी पटत नाही. शहरातल्या कॉलेजात असाल तर चालत किंवा सायकलवर जाता येईल अशी खोली मिळू शकते, तिथं बाहेर राहण्याचा विचार करायला हरकत नाही.

विद्यापीठाचं गणित थोडं वेगळं आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांच्या घरात आहे. नवी मुलं "गेटसमोरच खोली मिळाली" म्हणून खूश होतात. पण गेटापासून तुमचा विभाग किती लांब आणि ग्रंथालय किती लांब, ते एकदा स्वतः चालून बघा. रात्री अभ्यासिकेतून उठल्यावर आतल्या वसतिगृहात जाणं वेगळं आणि बाहेर प्रतिभानगरपर्यंत एकटीनं चालत जाणं वेगळं.

पायरी २ : पर्याय दोनच नाहीत

लोक हॉस्टेल की खोली एवढंच विचारतात. इथं त्याशिवायही वाटा आहेत, आणि त्यातली एक तर या गावानंच महाराष्ट्राला दाखवली.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाच्या मुलांची बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली तरच तो शिकेल, हे महाराजांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्या जैन बोर्डिंगात राहून शिकले, आणि पुढं रयत शिक्षण संस्थेचं काम त्यांनी गावोगावच्या वसतिगृहांतूनच वाढवलं. दसरा चौकाच्या परिसरात या बोर्डिंगांच्या इमारती आजही आहेत आणि त्यातल्या काहींत मुलं राहतात. खर्च बेताचा असतो, शिस्त असते. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर खोल्यांच्या जाहिराती बघण्याआधी या बोर्डिंगांच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा. अनेकांना हे दार माहीतच नसतं.

दुसरी वाट शासकीय वसतिगृहांची. समाजकल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहं आहेत, तिथं राहणं आणि जेवण मोफत असतं. जागा अर्थातच थोड्या. तिथं नंबर लागला नाही तर बाहेर राहण्यासाठी थेट बँक खात्यात पैसे देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. गुण, उत्पन्न आणि हजेरीच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या, त्या त्या वर्षी संबंधित कार्यालयात जाऊन विचाराव्यात. मला सांगायचंय ते एवढंच, की यातल्या कशाला तुम्ही पात्र आहात का हे खोली ठरवण्याच्या आधी बघा. भाड्याचा कागद मागितला जातो, आणि तोंडी व्यवहारावर खोली घेतलेली मुलं तिथं अडकतात.

तिसरी वाट अप-डाऊनची. कागल, हातकणंगले, पन्हाळ्याच्या बाजूला घर असेल तर ही वाट हसण्यावारी नेऊ नका. एसटीचा विद्यार्थी पास खूप सवलतीत मिळतो आणि मिरज मार्गावरच्या गावांना पॅसेंजरही आहे. पण शेवटची गाडी किती वाजता आणि प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, हे जुळवून बघा. पहिल्या सत्रात अप-डाऊन करून, शहर ओळखीचं झाल्यावर दिवाळीनंतर खोली घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना खोल्या चांगल्या मिळाल्या, कारण जूनची झुंबड तोवर ओसरलेली होती.

पायरी ३ : वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो

कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं, अशी समजूत करून घेऊ नका. बहुतेक ठिकाणी अर्ज वेगळा, यादी वेगळी, फी वेगळी. प्रवेशाची पावती हातात पडली त्याच दिवशी वसतिगृहाच्या कार्यालयात जा आणि अर्जाची तारीख विचारा. गुणपत्रिका, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार आणि फोटो यांच्या दोन-दोन झेरॉक्स तयार ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढून ठेवावा. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते आणि नेमका एका दाखल्यावाचून अर्ज मागं पडतो.

स्थानिक पालक म्हणून कोल्हापुरातल्या कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. नातेवाईक नसेल तर गावाकडच्या ओळखीतून एखादं घर शोधा आणि त्या माणसाला आधी विचारूनच नाव द्या. मुलगी रात्री तापानं फणफणली तर रेक्टर पहिला फोन त्या घरी करतात.

पहिल्या यादीत नाव नसलं तरी प्रतीक्षा यादीतून नाव काढून घेऊ नका. इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या फेऱ्या सुरू झाल्या की मुलं इकडची तिकडं जातात आणि खाटा रिकाम्या होतात. तोवर महिनाभर कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन, राहता येतं.

पायरी ४ : वर्षाचा हिशोब मांडा

वसतिगृहाची फी एकरकमी भरायची असते, म्हणून ती डोळ्यांत भरते. खोलीचं भाडं महिन्याला द्यायचं, म्हणून ते हलकं वाटतं. वडिलांना सांगताना दोन्ही वर्षाच्या मापात सांगा.

समजा कॉट बेसिसचं भाडं महिना २,५०० रुपये आहे. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे २७,५०० रुपये. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी घरी काढली तरी भाडं सुटत नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं धरलं तर ५,०००, एजंटमार्फत गेलात तर त्याचं एक महिन्याचं भाडं २,५००, आणि गादी, बादली, टेबल, पंखा असं करत ४,०००. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं २,५०० आणि मेसचे आगाऊ ३,००० मिळवा. पहिल्या दिवशीच १७,००० रुपये हातात लागले. आकडे मी उदाहरणादाखल धरलेत, तुम्हाला कळलेले भाव घालून बघा. लाईट बिल कसं वाटायचं, गिझर आहे का, गॅस कुणाचा, वायफाय किती जणांत, हेही त्यात धरा.

एजंटचे पैसे मात्र वाचू शकतात. राजारामपुरीच्या नंबरच्या गल्ल्या किंवा सायबर चौकाजवळच्या कॉलन्या सकाळी दोन तास पायी फिरा. फाटकांवर पाट्या असतात, किराणा दुकानदाराला आणि झेरॉक्सवाल्याला सगळं ठाऊक असतं. माझी पहिली खोली एका इस्त्रीवाल्या काकांनी सांगितली होती.

पायरी ५ : जेवण आधी ठरवा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. खोली लहान असली, पंखा कुरकुरला, तर मुलं निभावून नेतात. जेवण बिघडलं की तब्येत बिघडते, मग हजेरी, मग परीक्षा. बाहेर राहायला गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला पहिल्या सत्रातच कावीळ झाली आणि तिचं अर्धं वर्ष गेलं. ती राहायची ती खोली उत्तम होती, हवेशीर, स्वस्त. खानावळीतलं पाणी कुठून येतं ते मात्र आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

वसतिगृहाच्या मेसला नावं ठेवायची रीतच आहे. पातळ आमटी, तीच बटाट्याची भाजी. पण वेळेवर ताट मिळतं आणि तक्रार ऐकायला रेक्टर असतात. बाहेर खानावळ निवडायची झाली तर महिन्याचे पैसे भरण्याआधी किमान दोनदा पैसे देऊन जेवा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला. आठ वाजता सगळीकडेच गरम चपाती मिळते. नऊला काय उरतं आणि उशिरा आलेल्या मुलाशी मावशी कशा बोलतात, त्यावरून खरी खानावळ कळते.

मग खाड्याचं विचारा. घरी गेल्यावर किती दिवसांचे पैसे वळते होतात, किती दिवस आधी सांगावं लागतं, सलग किती दिवस असले तरच खाडा धरतात. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्या मुलाचे यात बरेच पैसे वाचतात. बऱ्याच खानावळी रविवारी रात्री बंद असतात, म्हणजे महिन्याला चार रात्रींचा खर्च वेगळा. मांसाहाराचे वार कोणते आणि त्या दिवशी शाकाहारी मुलांना काय देतात, हेही विचारून घ्या.

बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्यांना एक सांगायचंय. इथल्या रोजच्या भाजीतही कांदा-लसूण मसाला असतो आणि तो झणझणीत असतो. पहिले पंधरा दिवस पोट कुरकुरतं. ताक मागा, लाजू नका, कोल्हापूरच्या खानावळीत मागितलेलं नाकारायची पद्धत नाही. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध मिळतं. तिथं एकदा गेलात की मिसळीवरचे पैसे आपसूक तिकडं वळतील. फक्त असं कच्चं दूध पोटाला सोसतं का ते बघून प्या, नाहीतर खोलीवर नेऊन तापवा.

आजकाल तिघी-चौघी मिळून डबा लावतात किंवा स्वतः करतात. स्वतः करायचं असेल तर भांडी कोण कधी घासणार ते पहिल्या आठवड्यात ठरवा. मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्यात, त्यातल्या निम्म्या कुकरवरून तुटल्या.

पायरी ६ : पुराचं पाणी कुठवर येतं ते विचारा

हे दुसऱ्या शहरातला कुणी सांगणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नागाळा पार्कचा काही भाग, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, रमणमळा, बावड्याचा नदीकडचा भाग, इथं घरात पाणी आलं. याच भागांत भाड्याच्या खोल्या भरपूर आहेत आणि तळमजल्याच्या खोल्या स्वस्त असतात.

खोली बघताना मालकांना नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा: "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. पाणी येत असेल तर वरचा मजला घ्या, नाहीतर राजारामपुरी, सागरमाळ, विद्यानगरसारख्या उंचावरच्या भागात बघा. पण उंचावर राहिलात तरी निवांत राहू नका. २०१९ मध्ये पाणी उपसा केंद्रंच बुडाली होती, त्यामुळं जिथं पुराचा थेंब नव्हता तिथंही नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेल्यानं गावी जायचा रस्ताही कित्येक दिवस बंद होता. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि नदी चाळीस फुटांकडं सरकू लागली, की गावी जायचं असेल तर त्याच दिवशी निघा. राहणार असाल तर पिण्याचं पाणी भरून ठेवा आणि मूळ प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. इथं वसतिगृह उजवं ठरतं. संकटात टँकर, जेवण आणि मुलांना हलवणं ही संस्थेची जबाबदारी असते. खोलीत तुम्ही आणि तुमची सोबत, एवढंच.

पायरी ७ : खोली दोनदा बघा

एकदा सकाळी सातला, एकदा रात्री नऊनंतर. सकाळी पाण्याचा दाब आणि संडासाची रांग कळते, रात्री गल्लीतला उजेड आणि आवाज. मुलींनी फाटक किती वाजता बंद होतं, उशीर झाला तर काय, आणि मालक त्याच घरात राहतात का, हे थेट विचारावं. मालकीणबाई खाली राहत असल्या तर थोडी चौकशी होते, पाहुणे चालत नाहीत. पण आजारपणात पेजेची वाटीही त्याच वर घेऊन येतात. नवख्या मुलीसाठी मी नेहमी असं घर निवडते.

आधी राहणाऱ्या मुलांशी मालक नसताना बोला. ती का सोडून चाललीत, हे कळलं की निम्मं काम झालं.

पायरी ८ : कागद करा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. अकरा महिन्यांचा असला तरीही. कॉट बेसिसवाले बहुधा नुसती वही ठेवतात. तिथंही डिपॉझिट किती, परत कधी, कशाकशाचे पैसे कापणार आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे खात्यावरच पाठवा. आम्ही तिघींनी डिपॉझिट रोख दिलं होतं, पावती मागायला संकोच वाटला. खोली सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातलं बरंचसं कापलं गेलं आणि आमच्याकडं दाखवायला काही नव्हतं. त्यामुळं आता मी मुलांना सामान आत न्यायच्या आधी भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून मालकांच्याच व्हॉट्सॲपवर पाठवायला लावते.

पायरी ९ : त्रास झाला तर

रॅगिंगच्या भीतीनं काही पालक वसतिगृह टाळतात. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम वसतिगृहाला लागू आहेत, तसे कॉलेजबाहेर झालेल्या रॅगिंगलाही. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाईन चोवीस तास असते, आणि महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. नंबर फोनमध्ये साठवा. त्याहून आधी घरी सांगा, पहिल्या दिवशी, "थोडं बघू" न म्हणता.

वसतिगृह किंवा खोली, दोन्ही मध्येच बदलता येतं. वसतिगृह सोडताना अनामत रक्कम परत मिळण्याची मुदत बघा, खोली सोडताना महिनाभर आधी लेखी कळवा. बदलायचं झालं तर दिवाळीच्या सुट्टीत बदला, परीक्षेच्या तोंडावर नको. आणि आलात की पहिल्याच रविवारी एक चक्कर मारा: खोलीपासून कॉलेज, तिथून सीपीआर, तिथून एसटी स्टँड. रात्री अपरात्री यातल्या कुठंतरी जायची वेळ येते, तेव्हा रस्ता पायाखालचा असलेला बरा.